उलटं उतरायचं तर

स्कीला हजारो वर्षं एकच तोंड होतं. स्वीडनच्या दलदलीत साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी स्की सापडल्या आहेत. तिथपासून १९९० च्या दशकापर्यंत धातू आला, प्लास्टिक आलं, फायबरग्लास आलं, पण बहुतेक स्कींचा मूळ आराखडा तोच राहिला. पुढचं टोक वर वळलेलं आणि मागचं सपाट. कारण साधं होतं. माणूस पुढे जातो. बर्फात रुतू नये म्हणून पुढचं टोक वळवायचं, मागच्याला कशाला कष्ट?

मग १९९८ च्या सुमारास मागचं टोकही वळलं. वळण असेल चार बोटांचं. पण त्यामुळे स्कीवर उभा असलेला माणूस हवेत गिरकी घेऊन पाठमोरा उतरू शकला आणि तसाच उलटा घसरत पुढच्या उडीकडे जाऊ शकला. त्यातून एक नवा खेळ तयार झाला. सोळा वर्षांत तो ऑलिंपिकला पोचला. त्याच काळात त्या खेळात अनेकांची हाडं मोडली, काही जण जन्माचे व्हीलचेअरवर बसले, काही गेले.

हे सगळं मी वाचायला लागलो ते दोन फोनांमुळे. मी व्हँकुव्हरजवळ राहतो. व्हिसलरचे डोंगर इथून गाडीने दोनेक तासांवर. माझा भाचा इथेच वाढला, सोळा वर्षांचा आहे. त्याचा फोन आला, "मामा, पार्कमधल्या जंप्ससाठी स्की घ्यायचीय. कुठली घेऊ, तू सांग ना." अर्ध्या तासाने त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा. "दादा, त्याला जरा समजाव रे. मान मोडून घेईल हा."

ज्यांनी बर्फ फक्त फ्रिजमध्ये आणि फार तर मनालीत पाहिलाय त्यांच्यासाठी आधी सांगतो. टेरेन पार्क म्हणजे स्की रिसॉर्टमधली राखीव पट्टी. तिथे मशीनने बर्फ लोटून, दाबून उड्यांचे रॅम्प केलेले असतात, घसरायला लोखंडी कठडे रोवलेले असतात. स्केटबोर्डची मुलं रस्त्यावर जे करतात ते इथे उतारावर, ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वेगात.

भाच्याचा प्रश्न वस्तूचा होता, बहिणीचा जिवाचा. मला दोन्हींचं उत्तर एकाच इतिहासात सापडलं. तो इथे सांगतो.

उडी जुनीच आहे

स्कीवरून उडी मारणं हा काही इन्स्टाग्रामच्या पिढीचा शोध नाही. १८०८ च्या सुमारास ओलाफ रुए नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने नॉर्वेत साडेनऊ मीटरची उडी मारली असं सांगतात. पण या खेळाला खरा आकार दिला तो टेलेमार्क भागातल्या मॉर्गेदालच्या सोंद्रे नूरहाइमने. गरीब घरचा माणूस. त्याने दोन गोष्टी केल्या. एक, झाडाच्या लवचीक मुळ्या पिळून टाचेभोवती पट्टा केला, त्यामुळे हवेत स्की पायातून निसटेना. दोन, स्कीची कंबर बारीक केली, त्यामुळे वळणं सोपी झाली. १८६८ साली तो क्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला, स्पर्धेला गेला आणि शहरी लोकांना चकित करून आला. पुढे तो अमेरिकेला गेला आणि १८९७ मध्ये नॉर्थ डकोटात वारला.

नॉर्वेच्या लोकांना एक गोष्ट अनुभवाने पक्की कळली होती. उडी किती उंच यापेक्षा आपण कशावर उतरतो हे महत्त्वाचं. सपाटीवर उतरलात तर गुडघे जातात, तीव्र उतारावर उतरलात तर अलगद घसरत निघून जाता. म्हणून स्की जंपिंगच्या टेकड्या मुद्दाम अशा घडवल्या गेल्या की उतार हवेतल्या माणसाच्या वाटेला जवळजवळ समांतर राहील. आज ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या पुढे उडणारे लोक शांतपणे उतरतात ते यामुळेच. त्या टेकड्यांचे आकार आंतरराष्ट्रीय नियमांनी बांधलेले आहेत.

हे ज्ञान लक्षात ठेवा. पुढच्या दीडशे वर्षांत ते एका पट्टीत विसरलं जाणार आहे.

कोलांटी आणि नियमपुस्तक

१९५२ च्या ऑस्लो ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलमचं सुवर्ण जिंकणारा नॉर्वेचा स्टाइन एरिक्सन जिम्नॅस्टही होता. तो अमेरिकेत गेला आणि तिथल्या रिसॉर्टमध्ये लोकांसमोर स्कीवरून कोलांटी मारून दाखवू लागला. वेग आणि घड्याळ सोडून नुसत्या करामतीसाठी लोक थांबतात, टाळ्या वाजवतात, हे पहिल्यांदा दिसलं.

१९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत सगळंच सैल होत होतं, तसं स्कीइंगही झालं. पोरं उंचवट्यांवरून बेफाम सुटायची, कोलांट्या मारायची, संगीतावर स्कीवर नाचायची. या प्रकाराला 'हॉटडॉगिंग' म्हणत. १९७१ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या वॉटरव्हिल व्हॅलीत पहिली मोठी स्पर्धा झाली. बक्षिसं आली, टीव्ही आला. पाठोपाठ मणके मोडल्याच्या बातम्या आल्या, मग विमा कंपन्या आणि वकील आले. अनेक रिसॉर्टनी कोलांट्यांवर बंदी घातली.

गंमत म्हणजे त्याच काळात ओलिन कंपनीच्या 'मार्क फोर' या स्कीचं मागचं टोक किंचित वर वळलेलं होतं. म्हणजे कल्पना नवीन नव्हती. पण ती स्की नाचण्यासाठी, जागच्या जागी फिरण्यासाठी वापरली जायची. वीस वर्षांनी त्याच वळणाचा उपयोग भलताच होणार होता.

१९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने, एफआयएसने, फ्रीस्टाइलला मान्यता दिली. मान्यतेबरोबर नियमपुस्तक आलं. मोगल्स, म्हणजे उंचवट्यांच्या उतारावरची शर्यत, १९९२ मध्ये ऑलिंपिकचा पदकाचा खेळ झाली. एरियल्स, म्हणजे ठरलेल्या कोलांट्या, १९९४ मध्ये. मोगल्समध्ये दोन उड्या असत, पण डोकं पायांच्या खाली गेलं तर चालत नसे. मग त्याच त्या उड्या. पाय फाकवा, स्कीची कात्री करा, शरीर पिळा, गुण घ्या.

ज्या खेळाचं नावच 'फ्रीस्टाइल' होतं त्यात काय करता येईल याची यादी छापून आली होती.

हे नियम मूर्खपणाचे होते असं मला म्हणायचं नाही. त्यामागे मोडलेल्या मानांचा हिशोब होता. पण वीस वर्षांच्या मुलाला तो हिशोब दिसत नाही. त्याला फक्त यादी दिसते.

शेजारच्या पट्टीतली मजा

इकडे स्कीवाले नियम पाळत असताना शेजारी वेगळंच चाललं होतं. १९६५ च्या ख्रिसमसला मिशिगन राज्यात शर्मन पॉपन नावाच्या माणसाने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी केली. बर्फावरचं सर्फिंग म्हणून तिचं नाव 'स्नर्फर' पडलं. तिच्यावरून पुढे स्नोबोर्ड निघाला. जेक बर्टन कारपेंटरने १९७७ मध्ये व्हरमाँटमध्ये कंपनी काढली.

स्नोबोर्डवाल्यांना आधी कोणी दारात उभं करत नव्हतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक रिसॉर्टमध्ये त्यांना बंदी होती. ढगळ कपडे, मोठमोठ्याने गाणी, रांगेत धक्काबुक्की, अशी त्यांची ख्याती. अमेरिकेतल्या आल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या तीन ठिकाणी ही बंदी आपल्या काळापर्यंत टिकून राहिली.

मग रिसॉर्टना कळलं की ही मुलं तिकीट काढतात. त्यांच्यासाठी वेगळे पार्क बांधले गेले. आणि गणित उलटलं. १९९० च्या दशकात अशा कित्येक पार्कमध्ये स्कीवाल्यांना मज्जाव होता. काल ज्यांना हाकललं तेच आता दाराशी उभे.

स्नोबोर्डची दोन्ही टोकं वळलेली असत. त्यामुळे डावा पाय पुढे की उजवा, हा फरक उरत नसे. एका बाजूने उडायचं, हवेत फिरायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. एक अर्धी गिरकी घेतली की शक्यता दुप्पट. कुंपणाबाहेरून पाहणाऱ्या तरुण स्कीअरना हे दिसत होतं. त्यांना उडता येत होतं, फिरता येत होतं. फक्त उतरताना अडचण. पाठमोरं उतरलं की स्कीचं सपाट मागचं टोक बर्फात खुपसायचं आणि माणूस पाठीवर आपटायचा.

ब्लॅककोंबची हिमनदी

मोगल्सचा माजी स्पर्धक आणि प्रशिक्षक असलेला माइक डग्लस व्हिसलरला राहायचा. तिथल्या ब्लॅककोंब डोंगरावरच्या हॉर्स्टमन हिमनदीवर उन्हाळ्यातही बर्फ असे आणि स्कीची शिबिरं भरत. त्या उन्हाळ्यांत डग्लस आणि त्याच्याबरोबरचे जे.पी. ऑक्लेर, जे.एफ. क्यूसाँ, व्हिन्सेंट डोरियाँ, शेन झोक्स हे मोगल्सचे तरुण स्नोबोर्डवाल्यांच्या रॅम्पवर जाऊन त्यांच्याच युक्त्या करून बघू लागले. लोक त्यांना 'न्यू कॅनेडियन एअर फोर्स' म्हणू लागले.

डग्लसने एक प्रस्ताव लिहिला. आम्हाला अशी स्की हवी जिची दोन्ही टोकं वळलेली असतील, जी मोगल्सच्या स्कीपेक्षा रुंद असेल, जिच्यावर उलटं उतरता येईल. सोबत व्हिडिओ जोडला आणि स्की कंपन्यांना पाठवला. बहुतेकांना त्यात धंदा दिसला नाही. फ्रान्सच्या सालोमनने हो म्हटलं. त्यातून आली 'टेनएटी'. नावाचा अर्थ १०८० अंश, म्हणजे हवेत पूर्ण तीन गिरक्या.

त्याच सुमारास अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात, जेसन लेव्हिन्थल नावाचा विद्यार्थी आईवडिलांच्या गॅरेजमध्ये स्वतःच स्की दाबून, चिकटवून बनवत होता. १९९५ मध्ये त्याने 'लाइन' ही कंपनी काढली. ट्विन टिप, म्हणजे दोन तोंडांची स्की, घडवण्यात या गॅरेजचाही मोठा वाटा आहे. एका टोकाला बडी कंपनी, दुसऱ्या टोकाला घरचा पोरगा, आणि दोघांना एकाच वेळी एकच गोष्ट सुचली. याचा अर्थ तिची वेळ झाली होती.

१९९९ च्या विंटर एक्स गेम्समध्ये स्कीअरसाठी 'बिग एअर' स्पर्धा घेतली गेली. क्यूसाँ जिंकला. २००२ मध्ये ऑक्लेर आणि टॅनर हॉल वगैरे खेळाडूंनी मिळून 'आर्माडा' ही स्वतःची स्की कंपनी काढली. ज्यांना स्की मिळत नव्हती ते आता स्की विकत होते. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये स्की स्लोपस्टाइल आणि हाफपाइप आले, २०२२ च्या बीजिंगमध्ये बिग एअर. नियमपुस्तकाला कंटाळून बाहेर पडलेला खेळ सोळा वर्षांत परत त्याच एफआयएसच्या नियमपुस्तकात जाऊन बसला.

भिंतीवरचे आकडे

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. दुकानात स्कीची भिंत असते आणि प्रत्येक स्कीवर आकडे. माझ्या मते प्रत्येक आकड्यामागे वर सांगितलेल्या कुणाची ना कुणाची अडचण आहे. ती अडचण तुमची आहे का, एवढंच बघायचं.

लांबी. १९९० च्या दशकात मोगल्सचे स्कीअर दोन मीटरच्या आसपासच्या सरळ स्की वापरत. पार्कसाठी आता हनुवटी ते कपाळ यांच्या मधली उंची धरतात. कठड्यांवर खेळणाऱ्याला आखूड बरी, मोठ्या उड्या मारणाऱ्याला लांब, कारण वेगात ती डगमगत नाही. ट्विन टिपची दोन्ही टोकं हवेत असतात, त्यामुळे तेवढ्याच आकड्याच्या साध्या स्कीपेक्षा तिचा बर्फाला टेकणारा भाग कमी असतो. म्हणून अगदी आखूड घेऊ नये.

बूट कुठे बसतो. साध्या स्कीवर बूट मध्याच्या बराच मागे असतो, कारण पुढे जायचं असतं. पार्कच्या स्कीवर तो मध्याजवळ आणतात. का, ते लाठी फिरवून बघा. लाठी एका टोकाला धरून फिरवायला जितका जोर लागतो त्याच्या पाव जोरात ती मध्याला धरून फिरते. हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. गिरकीसाठी बूट मध्याकडे हवा. पण अगदी मध्यावर आला तर भुसभुशीत बर्फात पुढचं टोक बुडतं. फक्त पार्क करणार असाल तर मध्य किंवा एक-दोन सेंटिमीटर मागे. बाकी डोंगरही फिरणार असाल तर आणखी थोडं मागे.

रुंदी. बुटाखालची कंबर साधारण ८५ ते ९५ मिलिमीटर असेल तर पार्कसाठी चालते. उतरताना पाया मिळतो आणि कडेवर वळताही येतं.

ताठरपणा. मऊ स्की वाकवून खेळायला, कठड्यांवर घसरायला छान. मोठ्या उडीनंतर मात्र तोल मागे गेला तर मऊ मागचं टोक दुमडतं आणि माणूस बसतो. उड्यांसाठी मध्यम ते ताठ हवी.

कमान. स्की टेबलावर ठेवली की मध्यात उचललेली दिसते, त्याला कँबर म्हणतात. दाबली की स्प्रिंगसारखी उसळी देते. रॉकर म्हणजे टोकं आधीपासून वर सुटलेली. ही कल्पना पार्कमधून आली नाही. ती खोल, ताज्या बर्फात उतरणाऱ्या शेन मॅकॉन्कीची. असा बर्फ पाण्यासारखा वागतो, मग स्की वॉटर स्कीसारखी का नको, असं त्याचं म्हणणं. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला व्होलांट कंपनीने त्याची उलट्या कमानीची 'स्पॅच्युला' काढली. पार्कवाल्यांनी त्यातलं हवं तेवढंच घेतलं. उड्यांसाठी बुटाखाली कँबर आणि टोकांना थोडासा रॉकर, हे मिश्रण सगळ्यात कामाचं.

कडा. स्कीच्या दोन्ही बाजूंना पोलादी कडा असतात. कठड्यावर आदळून त्या तडकतात, म्हणून पार्कच्या स्कीच्या कडा जाड असतात. टोकांजवळच्या कडा कानस मारून थोड्या बोथट करून घेतात, नाहीतर ऐन उतरताना बर्फात अडकतात.

आणि बाइंडिंग, म्हणजे बूट धरणारी कळ. पडल्यावर ती सुटली पाहिजे. किती जोराला सुटावी याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमचं कौशल्य यावरून दुकानातला शिकलेला माणूस लावतो. हवेत स्की निसटेल या भीतीने मुलं तो स्वतःच वाढवतात. तसं करू नये. नूरहाइमचा प्रश्न स्की पायात टिकवण्याचा होता. नंतर लोकांचे पाय मोडायला लागले आणि तिला वेळेवर सोडायचं कसं हा प्रश्न आला. दोन्हींमधला तोल म्हणजे तो आकडा.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्याला हवं ते उत्तर मिळालं. पण माझ्या बहिणीचा प्रश्न या भिंतीवर कुठेच नव्हता.

उतार

पार्कमधला नेहमीचा रॅम्प डोळ्यांसमोर आणा. आधी चढ, त्याच्या धारेवरून उडायचं. मग सपाट माथा. मग एक गोलसर वळण, ज्याला तिकडे 'नकल' म्हणतात, कारण ते मिटलेल्या मुठीच्या सांध्यासारखं दिसतं. त्यानंतर उतार, आणि शेवटी परत सपाटी. उतरायचं त्या उतारावर. कमी पडलात तर माथ्यावर किंवा नकलवर आपटता, जास्त गेलात तर खालच्या सपाटीवर.

किती फरक पडतो? एक हिशोब करू. हवेचा विरोध सोडून देऊ. समजा तुम्ही ताशी ३६ किलोमीटर वेगाने, २० अंशांच्या कोनात उडालात आणि धारेच्या ४ मीटर खाली उतरलात. ती जागा ३० अंशांचा उतार असेल तर बसणारा दणका ६५ सेंटिमीटरवरून सरळ खाली उडी मारण्याएवढा असतो. जेवणाच्या टेबलाहून कमी. तीच जागा सपाट असेल तर दणका साडेचार मीटरवरून पडण्याएवढा. म्हणजे दीड मजला.

माणूस तोच, वेग तोच, उंची तीच, स्कीही तीच. बदलला फक्त बर्फाचा कोन.

ज्यांनी गावाकडे विहिरीत सूर मारलाय त्यांना हे शिकवायला नको. नीट शिरलात तर पाणी मऊ, पोटावर पडलात तर तेच पाणी फरशी.

दुसरी गोष्ट, वेग. उडीचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. वेग १० टक्क्यांनी वाढला तर साधारण २१ टक्के लांब जाता. सकाळी गोठलेला टणक बर्फ आणि दुपारी पाणी सुटलेला बर्फ यांत एवढा फरक सहज पडतो. नवीन मेण लावलेल्या स्कीनेही पडतो. म्हणजे सकाळी जी उडी बरोबर उतारावर नेत होती तीच दुपारी माथ्यावर आपटू शकते.

नॉर्वेवाल्यांना जे पूर्वीच उमगलं होतं ते पार्कमध्ये कितीतरी वर्षं कोणी मोजलंच नाही. स्की जंपिंगच्या टेकडीला नियम होते. पार्कचा रॅम्प मात्र रात्री मशीन चालवणारा माणूस अनुभवाने, नजरेने बांधायचा. त्यातले पुष्कळ जण कसबी होते आणि आहेत. पण दणक्याचा हिशोब कागदावर मांडायला २००० चं दशक सरत आलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले माँट हबर्ड आणि कोलोराडो स्कूल ऑफ माइन्सचे जेम्स मॅकनील यांनी दाखवून दिलं की उताराचा आकार असा घडवता येतो, की माणूस कुठेही उतरला तरी दणका एका मर्यादेत राहील. मी वर केलेला हिशोब त्याच पद्धतीचा आहे. त्यात बारावीच्या पलीकडचं काही नाही.

म्हणजे क्रम बघा. आधी स्की बदलली. मग उड्या मोठ्या झाल्या. मग स्पर्धा, टीव्ही, पदकं. आणि उतरण्याच्या जागेचा विचार सगळ्यात शेवटी.

सॅरा बर्क

या क्रमाची किंमत आकड्यांत सांगता येणार नाही. म्हणून एका व्यक्तीबद्दल सांगतो.

सॅरा बर्क कॅनडाची. तिने सुरुवात केली तेव्हा मुलींसाठी वेगळी स्पर्धाच नव्हती, म्हणून ती मुलांमध्ये उतरायची. आयोजकांच्या मागे लागून तिने एक्स गेम्समध्ये स्त्रियांचा स्की हाफपाइप आणवला आणि तिथे चार सुवर्णपदकं जिंकली. ऑलिंपिकसाठीही ती झगडली. २०११ मध्ये मान्यता मिळाली. जानेवारी २०१२ मध्ये यूटातल्या पार्क सिटीत हाफपाइपचा सराव करताना ती पडली. मानेतली मेंदूला रक्त नेणारी धमनी फाटली. नऊ दिवसांनी ती गेली. वय २९. जो खेळ तिने ऑलिंपिकला नेला तो पाहायला ती नव्हती.

ती जगातल्या सर्वांत निष्णात खेळाडूंपैकी एक होती. हेल्मेट होतं, उत्तम स्की होती. म्हणून मी कुणालाही 'ही स्की घे, सुरक्षित आहे' असं सांगणार नाही. हेल्मेट डोक्याला वाचवतं, मानेला नाही. स्की उलटं उतरू देते, पण कशावर उतरायचं हे ठरवत नाही.

मग घरी बसायचं का? नाही. घसरगुंडीवरून उलटं येणारं पोर प्रत्येक गल्लीत असतं, त्याला अडवून उपयोग नसतो. या मुलांना यादीबाहेर काही करून बघायचं होतं. ती इच्छा मला चुकीची वाटत नाही.

मला एवढंच वाटतं की हा खेळ ज्या क्रमाने घडला त्याच्या उलट्या क्रमाने तो शिकावा. आधी उतार बघावा. उडण्याआधी एकदा बाजूने चालत किंवा हळू घसरत जावं. उतार किती लांब आहे, नकलनंतर किती जागा आहे, खाली सपाटी कुठे सुरू होते, हे डोळ्यांनी बघावं. मग वेग. त्या दिवशी, त्या तासाला तिथे उड्या मारणारा जाणता माणूस कुठून सुटतो ते बघावं. मग उडीचा आकार. पार्कच्या पाट्यांवर छोटी, मध्यम, मोठी असं लिहिलेलं असतं. छोटीवर दहा वेळा सरळ उतरता आल्याशिवाय मध्यमकडे जाऊ नये. मग गिरकी. मग उलटं उतरणं.

आणि सगळ्यात शेवटी स्की. हनुवटी ते कपाळ, बूट मध्याजवळ, कंबर नव्वदच्या आसपास, मध्यम ताठ, दोन्ही टोकं वळलेली. सेकंडहँड घेतली तरी चालेल, फक्त कडा तडकलेल्या नाहीत ना आणि बाइंडिंग दुकानातून तपासून घेतलंय ना, एवढं बघा.

भाच्याला मी आकडे दिले. बहिणीला उताराबद्दल सांगितलं. पुढच्या शनिवारी ती पहिल्यांदाच त्याच्याबरोबर वर गेली आणि उडी मारायच्या आधी दोघं मिळून त्या उतारावरून चालत खाली आली.